मोहावर पहारा, मोरसला मोकळं रान

साखरेला आपल्या भागात एक जुनं नाव आहे, मोरस. नवापूर-नंदुरबारच्या गुजराती बोलणाऱ्या घरांत आणि जुन्या किराणा दुकानदारांच्या तोंडी ते अजून ऐकू येतं. मोरस म्हणजे मॉरिशस. एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि सुरतेच्या बाजारात जी पांढरी, दाणेदार साखर यायची ती बरीचशी त्या बेटावरून यायची, म्हणून मालालाच बेटाचं नाव चिकटलं. आणि त्या बेटावर ऊस कोण तोडत होतं? १८३४ पासून करारावर नेलेले हिंदुस्थानी मजूर. त्यात कोकणातले मराठी लोकही होते, त्यांचे वंशज आजही तिथे स्वतःला मराठी म्हणवतात. ‘चिनी’ हा शब्द चीनवरून आला, ‘मिसरी’ मिसर म्हणजे इजिप्तवरून. गूळ आपला, खडीसाखर थोडीफार आपली, पण ही पांढरी वस्तू आली ती बाहेरून, आणि नावातच पत्ता घेऊन आली.

हे सगळं आज का सांगतोय? कारण दवाखान्यात, अंगणवाडीत, मोबाईलवर एकच सल्ला फिरतोय. साखर कमी करा, हंगामी फळं आणि ताज्या भाज्या खा. सल्ला बरोबरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, आणि जमलं तर पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. आपल्या देशात माणशी वर्षाला वीस किलोच्या आसपास साखर लागते. भागाकार केला तर दिवसाला ५० ग्रॅमच्या वर जाते, तीही सरासरी.

पण नंदुरबारमध्ये हा सल्ला ऐकताना मला जरा विचित्र वाटतं. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि त्यातले दोन तृतीयांशापेक्षा जास्त लोक आदिवासी. म्हणजे ज्यांच्या आज्या-पणज्या हंगामावरच जगल्या, त्यांनाच आपण हंगामी खा म्हणून शिकवतोय. मग मधल्या काळात झालं काय? सवय आपोआप मोडली, का कोणी मोडली? माझं म्हणणं असं की यात कायद्याचा आणि सरकारी धोरणाचा हात मोठा आहे. एका गोडावर शंभर-सव्वाशे वर्षं पहारा बसवला गेला आणि दुसऱ्या गोडाला रस्ता, रेल्वे, पाणी, कर्ज, हमी सगळं मिळालं.

आधी जुनं वेळापत्रक बघू. सातपुड्यात गोड ही वस्तू बारा महिने मिळायची नाही, पाळीपाळीने यायची. थंडीत बोरं, आवळे. थंडी सरता सरता चिंच, कवठ. होळीच्या आसपास मोहाची फुलं. त्यामागून चारोळीची फळं, टेंभुर्णीची फळं, रायण, करवंदं, आंबा. पाऊस पडला की जांभूळ, आणि पावसाळा सरताना सीताफळ, ज्याच्यासाठी तोरणमाळ अजून ओळखलं जातं. मध मिळाला तर मिळाला. मधल्या पावसाळी महिन्यांत गोड फारसं नाही, पण भाज्या रग्गड: कटुर्ले, तरोटा, कुर्डू, पोकळा, अंबाडी, बांबूचे कोंब. शिवाय परसात डांगर, दुधी, वालाच्या शेंगा. यातली बरीच झाडं कुणी लावलेली नाहीत आणि बऱ्याच भाज्या कुणी पेरलेल्या नाहीत. त्या ओळखायच्या, वेळेवर खुडायच्या, काही उकळून पहिलं पाणी फेकून द्यायचं. हे ज्ञान बायकांकडे होतं आणि ते पुस्तकात नव्हतं.

आणि या वेळापत्रकाला धाक होता. खान्देशात आजही जुन्या घरात आखाजीला पितरांना आमरस दाखवल्याशिवाय आंब्याचा रस सुरू करत नाहीत. डोंगरातल्या समाजांतही नवं पीक, नवी भाजी, नवं फळ आधी देवाला, मग माणसाला, अशी रीत आहे. श्रद्धा म्हणा, पण त्याचा एक फायदा असा की फळ कच्चं तोडलं जायचं नाही आणि झाडावर धाड पडायची नाही.

आता मोहाकडे येऊ. या गोष्टीतलं मुख्य पात्र तेच आहे.

मोहाचं फूल पहाटे गळतं. मांसल, पिवळट, रसाळ. सकाळी झाडाखाली सडा पडलेला असतो, तो बायका-पोरं वेचतात आणि उन्हात वाळवतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून जास्त भाग साखरच असते, शिवाय थोडे क्षार आणि तंतू. वाळवलेलं फूल वर्षभर टिकतं. भाजून खायचं, उकडून खायचं, ज्वारी-मक्याच्या पिठात कुटून भाकरीत घालायचं, डाळीबरोबर शिजवायचं. शेतातलं धान्य संपलेलं आणि पाऊस अजून लांब, अशा दिवसांत हे फूल घर तारून न्यायचं. बियांचं तेल स्वयंपाकाला आणि दिव्याला. एक झाड म्हणजे साखरेचं पोतं आणि तेलाचा डबा एकत्र. १८८० च्या खान्देश गॅझेटिअरमध्येही मोहाची नोंद खाण्याची आणि दारू गाळण्याची वस्तू अशी दोन्ही अंगांनी आहे.

ही दोन अंगं लक्षात ठेवा. घरातल्या बाईच्या लेखी ते अन्न होतं आणि दारूही होती. सरकारच्या लेखी ते हळूहळू फक्त दारूचा कच्चा माल झालं.

१८७८ साली मुंबई अबकारी कायदा आला. घरच्या भट्टीवर बंदी, दारू गाळणं आणि विकणं सरकारी मक्त्यात. हेतू लोकांनी दारू सोडावी हा नव्हताच, हेतू होता महसूल. पण मोहाचं झाड तर जंगलात, बांधावर, दारात. फूल घरात आहे तोवर भट्टी लावणं किती सोपं! म्हणून मग फुलावरच नजर गेली. १८९२ साली मुंबई सरकारने खास मोहाच्या फुलासाठी वेगळा कायदा केला, मुख्यतः ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. हे फूल गरिबाचं अन्न आहे, त्यावर बंदी कशी घालता, हा सवाल त्या वेळीही सरकारी वर्तुळात झाला होता. तरी कायदा झालाच. एका फुलाला कायद्याच्या पुस्तकात स्वतःचं पान मिळालं आणि तेही आरोपी म्हणून. त्याच १८७८ साली वन कायदाही आला होता. म्हणजे झाड वनखात्याच्या ताब्यात, फूल अबकारीच्या नजरेत.

स्वातंत्र्यानंतर हे संपेल असं वाटलं असेल कुणाला, पण १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मोहफूल पुन्हा परवान्याच्या चौकटीत ठेवलं. घरात किती साठवायचं, कुठून कुठे न्यायचं, सगळ्यावर अट. महाराष्ट्र सरकारने हे निर्बंध उठवले ते २०२१ मध्ये. ठाणे-कुलाब्याच्या कायद्यापासून मोजलं तर १२९ वर्षं. या काळात आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाच्या डोक्यात मोह म्हणजे दारू हे समीकरण इतकं पक्कं बसलं की आज मोहाची भाकरी म्हटलं तरी लोक हसतात.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायलाच पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. दारूविरुद्ध सर्वात खरा लढा आदिवासींनीच दिलाय. १९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरातेत आणि आपल्या पश्चिम खान्देशात देवीची चळवळ पसरली. अंगात आलेल्या देवीने सांगितलं, दारू-ताडी सोडा, आणि गावच्या गावं सोडू लागली. मक्तेदार हवालदिल झाले. (डेव्हिड हार्डिमन यांचं या चळवळीवर आख्खं पुस्तक आहे, वाचायला मिळालं तर वाचा.) मग १९३८ च्या सुमारास तळोदे तालुक्यातल्या मोरवडला गुलाम महाराजांची आरती सुरू झाली, हजारो लोक जमायचे, एकमेकांना ‘आप’ म्हणायचे आणि दारू सोडायचे. आणि १९७२ नंतर शहाद्यात श्रमिक संघटनेच्या काळात बायका गटागटाने गावोगाव फिरल्या आणि दारूची मडकी फोडली. कारण दारू पिऊन मार त्यांनाच बसत होता. हे विसरून मोहाचं नुसतं गुणगान करणं मला पटत नाही. मुद्दा इतकाच की या बायकांची भांडणं दारूशी होती, फुलाशी नव्हती. फूल त्या स्वतःच वेचत होत्या.

आता दुसरं गोड, मोरस.

१९०० च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वे झाली. सुरतेहून नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा करत अमळनेरकडे. रेल्वेने इथला कापूस बाहेर गेला आणि बाहेरचा किराणा आत आला. साखर त्यातलीच. मग चहा आला. तोही आपोआप नाही आला. १९३० च्या दशकात चहावाल्यांच्या टी सेस कमिटीने देशभर जत्रांत, स्टेशनांवर, बाजारांत फुकट चहा पाजून सवय लावली. चहाच्या मागोमाग साखर घरात शिरली आणि तिने मुक्काम ठोकला. सण नाही, पाहुणा नाही, तरी रोज दोनदा.

१९३२ साली इंग्रज सरकारने देशी साखर उद्योगाला आयातकराचं संरक्षण दिलं. पाच-सात वर्षांत देशातले कारखाने तीसेकवरून सव्वाशेच्या वर गेले. १९५० मध्ये लोणीला प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला, विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांचा. पुढचं महाराष्ट्राला पाठच आहे. आपल्याकडे ही लाट जरा उशिरा आली. पी. के. अण्णा पाटलांच्या पुढाकाराने शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना उभा राहिला, नवापूर तालुक्यात डोकाऱ्याला आदिवासी सहकारी साखर कारखाना झाला. या कारखान्यांनी शहादा-नवापूरच्या बऱ्याच शेतकऱ्यांच्या घरात पैसा आणला, मुलं शिकली, रस्ते झाले. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण शहादा-तळोद्याच्या काळ्या जमिनीत जेव्हा ऊस, केळी वाढत होती, त्याच काळात त्याच जमिनींवरून अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना भांडत होते. आमच्या गहाण पडलेल्या जमिनी परत द्या, सालदाराला माणसासारखी मजुरी द्या, हे त्या भांडणाचं मूळ. जमीन गेली की नुसतं शेत जात नाही. बांधावरचं बोराचं झाड जातं, आंबा जातो, शेताच्या कडेची भाजी जाते. मजुराला भाजी विकत घ्यावी लागते आणि मजुरीत पहिली काटछाट होते ती भाजीत.

ऊसाचा आपल्या जिल्ह्याशी सगळ्यात जवळचा संबंध मात्र कारखान्यातून नाही, कोयत्यातून आहे. दिवाळी झाली की नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा, धडगावकडून कुटुंबंच्या कुटुंबं बारडोली आणि सुरतेकडे ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती फेडायची, उघड्यावर पालं टाकून राहायचं. जान ब्रेमन यांनी पन्नासेक वर्षांपूर्वी बारडोलीच्या शेतांत जाऊन हे जवळून पाहून लिहून ठेवलंय: मजुरांना पंधरवड्याला खाण्यापुरतं धान्य मिळायचं आणि हिशेब हंगामाच्या शेवटी. तोड चालते ती साधारण नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत.

आता हे महिने वरच्या वेळापत्रकाशी ताडून बघा. बोरं, आवळे, चिंच, कवठ, परसातल्या वालाच्या शेंगा, हरभऱ्याची कोवळी भाजी. सगळ्यात सकस हंगामात घर बंद असतं. पोरं फडात ऊस चोखतात आणि पालात काळा चहा पितात, ज्यात साखर ठासून असते, कारण दुसरं काही द्यायला नसतं. मोहापर्यंत परत आले तर आले. देशाची साखर गोळा करणारी माणसं स्वतःच्या जंगलातल्या गोडाला मुकतात. याला नशीब म्हणायचं का?

विस्थापितांचं आणखी वेगळं. १९९३ साली सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातलं पहिलं गाव, अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली, बुडायला लागलं. नर्मदेकाठची गावं पुढे सोमावल, रोझव्यासारख्या वसाहतींत सपाटीवर आली. जमीन मिळाली असेल, कमी-जास्त. नदीतले मासे, काठावरची भाजी आणि डोंगरावरचं मोहाचं झाड काही कुठल्या वसाहतीत मोजून देता येत नाही. तिथे जवळ मिळतं ते दुकान.

दुकानात काय मिळतं तेही सरकारनेच बऱ्यापैकी ठरवलंय. दुसऱ्या महायुद्धापासून साखर रेशनवर आहे, म्हणून तर म्हातारी माणसं अजून ‘कंट्रोलची साखर’ म्हणतात. अंत्योदय कार्डावर आजही महिन्याला किलोभर स्वस्त साखरेची तरतूद आहे. २०२२ च्या दिवाळीला राज्य सरकारने ‘आनंदाचा शिधा’ सुरू केला. शंभर रुपयांत चार वस्तू, किलो-किलोभर रवा, चणाडाळ, साखर आणि लिटरभर पामतेल. गरिबाच्या सणाला सरकार आलं हे चांगलंच. पण चारातली डाळ सोडली तर बाकी पिशवी बघा. आनंद म्हणजे साखर आणि तेल, ही व्याख्या मंत्रालयात किती सहज सुचते! साखरेला किमान विक्री दर आहे, २०१९ साली तो ३१ रुपये किलो ठरवला. उसाला कायद्याने भाव बांधलेला आहे. आता शहाद्याच्या पपईवाल्याला विचारा त्याला कुठला भाव बांधलेला आहे.

पपईचं उदाहरण मुद्दाम घेतो. राज्यात पपई म्हटलं की नंदुरबारचं नाव पुढे येतं, शहादा तालुका तर पपईचाच. दरवर्षी हंगामात तीच बातमी असते. उत्तरेचे व्यापारी आले, दर पाडले, शेतकरी बाजार समितीत जमले, बैठक झाली, अमुक रुपये किलो ठरलं, दोन दिवसांनी पुन्हा मोडलं. ट्रक भरून माल दिल्ली, राजस्थान, पंजाबकडे जातो. आणि तिथून पन्नास-साठ किलोमीटरवर डोंगरातल्या अंगणवाडीत मुलाच्या हातात पाच रुपयांचा बिस्किटचा पुडा. शंभर ग्रॅम पपईत साखर असते आठेक ग्रॅम, बाकी पाणी, तंतू, भरपूर क आणि अ जीवनसत्त्व. जे फळ या जिल्ह्यात कधी कधी भाव नाही म्हणून शेतात कुजतं, ते या जिल्ह्यातल्या पोराच्या ताटात पोचत नाही.

आमचूरचंही तसंच. धडगाव, मोलगी भागात एप्रिल-मे मध्ये घरोघरी कैऱ्या सोलून, चकत्या करून खडकांवर, छपरांवर वाळत घालतात. हे काम वाईट नाही, हातात रोख पैसा येतो आणि तो पैसा पावसाळ्याच्या तोंडावर बियाण्याला लागतो. पण आंबा पिकायच्या आत उतरतो. झाडाला पिकेपर्यंत ठेवायची ऐपत ज्याच्याकडे नाही, त्याचा आंबा आंबट असतानाच डोंगर उतरतो, आणि त्या पैशातून गोड म्हणून वर चढते ती साखर. आंबट जातं, गोड येतं. या व्यवहारात फायदा कुणाचा हे आमचूरच्या व्यापाऱ्याला आणि किराणावाल्याला चांगलं माहीत आहे.

साखरेशी डोंगराचं नातं आधीही होतं, हे पण सांगतो. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात डाळ्या, गूळ, खजूर, आणि नंदुरबारकडच्या कारागिरांनी केलेले साखरेचे हार-कंगण यांची केवढी उलाढाल असते! ते हार-कंगण होळीला लागतातच. ती साखर वर्षातून एकदा यायची, रंगीत होऊन, देवाला जायची आणि मग पोरांच्या तोंडात. त्या साखरेला माझा काहीच आक्षेप नाही. प्रश्न उरलेल्या ३६० दिवसांचा आहे.

कुणी म्हणेल, ज्या जिल्ह्याचं नाव कुपोषणासाठी पेपरात येतं तिथे साखर कमी करा म्हणणं हे भरल्या पोटाचं शहाणपण आहे. आक्षेप योग्य आहे, आणि मी तो हलक्यात घेत नाही. उपाशी माणसाला कॅलरी लागते, साखरेत ती आहे. पण साखरेत फक्त तीच आहे. लोह नाही, प्रथिन नाही, जीवनसत्त्व नाही. काळा चहा आणि बिस्किटाने भूक मरते, शरीर भरत नाही. लहान मुलाचं पोट लहान असतं. ते आधी गोड चहाने भरलं तर भाकरी-भाजीला जागा राहत नाही. म्हणजे एकच साखर धडगावच्या पोराला सुकवते आणि शहाद्याच्या काकांना मधुमेहाकडे नेते. २०२३ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे आले. देशातल्या प्रौढांपैकी ११.४ टक्क्यांना मधुमेह, आणखी १५.३ टक्के त्याच्या उंबरठ्यावर. नंदुरबार, शहादा, नवापूरच्या कुठल्याही लॅबसमोर सकाळी उपाशीपोटी बसलेली रांग बघितली की हे आकडे लांबचे वाटत नाहीत.

आणि एक इशारा. हा लेख वाचून कुणी मधुमेही माणसाने मोहाची फुलं, सीताफळं, केळी वाटेल तेवढी खाऊ नयेत. त्यातही साखर आहे, सीताफळ तर चांगलंच गोड. फरक एवढा की फळ चावावं लागतं, त्यात तंतू आहे, चार सीताफळांनी पोट भरतं, आणि महिना-दीड महिन्यात त्याचा हंगाम संपतो. थंड पेयाच्या पाव लिटरच्या बाटलीत सहा-सात चमचे साखर एका दमात घशाखाली जाते आणि तिचा हंगाम कधीच संपत नाही. फळाचा रस काढून, गाळून, वरून साखर घातली की आपण पुन्हा बाटलीशीच आलो.

मग करायचं काय? घरात चहातला एक चमचा कमी करणं ज्याच्या त्याच्या हातात आहे, त्यावर मी प्रवचन देणार नाही. सार्वजनिक प्रश्न वेगळा आहे. २०१५ पासून आदिवासी भागात अमृत आहार योजना आहे, तिच्यात अंगणवाडीतल्या मुलांना अंडं किंवा केळी द्यायची तरतूद आहे. योजनेचा हा भाग मला मनापासून आवडतो, कारण तिथे सरकारच्या कागदावर फळ हे अन्न म्हणून आलं. आता त्यात पुढची पायरी का नको? केळीच्या जोडीला हंगामाप्रमाणे पपई, पेरू, बोरं, सीताफळ, आवळा का नको? खरेदी जिल्ह्यातल्याच शेतकऱ्याकडून किंवा बचत गटाकडून का नको? पपईचा भाव पडतो त्या आठवड्यात आश्रमशाळांनी पपई उचलली तर शेतकऱ्यालाही आधार आणि पोरांनाही. त्याला नवा कायदा लागत नाही, जिल्हा पातळीवर इच्छा लागते.

मोहाचं तर आता कायद्यानेही अडत नाही. पेसा आणि वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क मानलाय, २०२१ मध्ये फुलावरचे निर्बंधही गेले. पण शंभर वर्षांची भीती एका निर्णयाने जात नाही. अजून फूल वेचणारी बाई ते लगेच, मिळेल त्या भावाला विकून मोकळी होते, आणि पावसाळ्यात तेच फूल चढ्या भावाने बाजारात दिसतं. साठवायला कोरडी जागा आणि दोन-तीन महिने थांबण्याइतके पैसे ग्रामसभेकडे असले तर चित्र बदलेल. काही ठिकाणी बचत गट मोहाचे लाडू करतायत, चांगले लागतात. पण त्यात जेव्हा साखर मिसळलेली दिसते तेव्हा हसावं का रडावं कळत नाही. साखरेच्या फुलात साखर!

बियाण्यांचं एक चांगलं काम धडगाव तालुक्यात बायफच्या मदतीने झालंय. मक्याच्या, ज्वारीच्या, भाज्यांच्या जुन्या गावरान जाती लोकांनी जपून बियाणे बँका केल्या. तसंच काम फळझाडांचं आणि रानभाज्यांचं व्हायला हवं. आता कृषी खाते पावसाळ्यात रानभाज्या महोत्सव भरवतं. स्टॉल लागतात, फोटो निघतात, अधिकारी कटुर्ल्याची भाजी चाखतात. एका दिवसापुरतं छान आहे. पण त्याच महोत्सवात स्वागताला पाहुण्यांना साखरेचा चहा आणि क्रीमची बिस्किटं दिली जातात, तेवढं तरी बंद करा राव. उकडलेलं डांगर ठेवा, भाजलेलं मक्याचं कणीस ठेवा, सीताफळ ठेवा.

सीताफळाचे दिवस आलेच आहेत. तोरणमाळ-धडगावकडून बायका पाट्या घेऊन शहाद्यापर्यंत उतरतात, संध्याकाळची गाडी चुकू नये म्हणून चारच्या आत मिळेल त्या भावात पाटी रिकामी करतात. साडेतीनला जाऊन घासाघीस करणारे आपणच असतो. या वेळी जरा सकाळी जा आणि सांगेल तो भाव द्या.

आणि तुमच्या घरी, तुमच्या बोलीत, मोहाच्या फुलाचं खायचं काय काय करायचे, त्याला काय म्हणायचे, हे आजी-आजोबांना विचारून जरूर कळवा. पावरी, भिली, मावची, कोकणी, अहिराणी, जे असेल ते. दारू सोडून बाकीचं सगळं लिहून ठेवायचं आहे.